वहीतला खोटा पाऊस

एक प्रश्न विचारते. गेल्या पावसाळ्यात तुमच्या गावात जो सर्वांत मोठा पाऊस पडला, तो किती होता?

‘खूप’ असं सांगू नका. ‘धो धो’, ‘मुसळधार’, ‘गुडघाभर पाणी साचलं होतं’ ही उत्तरंही नकोत. मला आकडा हवाय. किती मिलिमीटर?

नाही ना सांगता आलं? वाईट वाटून घेऊ नका. आठवीत जाईपर्यंत मलाही सांगता आलं नसतं. आणि मी तर अशा गावची, जिथं पावसाशिवाय दुसरा विषयच नसतो!

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. सातारा म्हटलं, की तुम्हांला महाबळेश्वर आठवत असेल. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. माण त्याच जिल्ह्यात, पण पार पूर्वेच्या टोकाला. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि आमच्याकडे येईपर्यंत त्यांच्याजवळ फारसं काही उरत नाही. भूगोलात याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. आमच्याकडे साधारण पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक म्हणतात, ‘औंदा पावसानं लाज राखली!’

माझे आजोबा, म्हणजे अप्पा, पाऊस बोटांनी मोजायचे. पाऊस थांबला, की ते वावरात जाऊन मातीत बोटं खुपसायचे. ‘दोन बोटं ओल गेली,’ असं म्हणाले, की पेरणी लांबायची. ‘चार बोटं गेली,’ म्हणाले, की घरात धांदल उडायची. ती त्यांची मोजपट्टी होती आणि पेरणीपुरती ती अगदी बरोबर होती. पण विहिरीत किती पाणी उतरलं, ते उन्हाळ्यापर्यंत पुरेल का, हे बोटांना कसं कळणार?

ते कळलं नाही, तर काय होतं ते मी २०१३ साली पाहिलं. त्या उन्हाळ्यात आमची दोन म्हशी आणि बैलजोडी चारा छावणीत होती. अप्पाही जनावरांबरोबर तिथंच राहायचे. आई पहाटे चारला हंडा-कळशी घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहायची. माझी मोठी बहीण तेव्हा दहावीत होती. परीक्षेच्या आदल्या दिवशीही ती रांगेत होती, कारण त्या दिवशी आईला ताप आला होता. हे सगळं सांगायचं कारण असं, की पुढं जे घडलं ते तुम्हांला नुसता शाळेतला प्रकल्प वाटू नये.

२०१५ च्या जूनमध्ये आमच्या भूगोलाच्या सरांनी वर्गात विचारलं, “पाऊस मोजायचं काम कोण करील?” पाच जणांनी हात वर केले. त्यांत माझाही होता.

पर्जन्यमापक आम्ही स्वतःच बनवला. तुम्हांलाही बनवता येईल. दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची. जिथं ती निमुळती व्हायला लागते, त्याच्या जरा खाली कापायची. कापलेला वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा खालच्या भागात बसवायचा. बाटलीचा तळ खालीवर असतो, म्हणून तळाशी खडे टाकायचे आणि सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी ओतायचं. त्या पाण्याच्या रेषेवर पट्टीचं शून्य येईल अशी मोजपट्टी बाहेरून चिकटवायची. झालं यंत्र तयार! ते मोकळ्या जागी ठेवायचं. झाडाखाली, वळचणीला किंवा भिंतीला लागून ठेवायचं नाही. वाऱ्यानं पडू नये म्हणून चारी बाजूंनी विटा लावायच्या. रोज सकाळी साडेआठला पाणी किती चढलं ते बघून लिहायचं आणि जास्तीचं पाणी ओतून पुन्हा शून्यावर आणायचं. साडेआठच का? कारण भारतीय हवामान विभागाची माणसंही रोज त्याच वेळी पाऊस मोजतात.

पहिले चार दिवस पाचही जण हजर होते. मग पावसानं दडी मारली. रोज जाऊन काय बघायचं, तर शून्य! शून्य, शून्य, शून्य. एकेक जण गळाला. जुलै अर्धा संपला, तेव्हा मी एकटीच उरले होते. मीही सरांना म्हटलं, “सर, पाऊसच नाही तर लिहायचं काय?”

सर म्हणाले, “शून्य लिहायचं. शून्य हीसुद्धा नोंदच आहे. कोरडा गेलेला दिवस आणि लिहायचा राहून गेलेला दिवस, हे दोन वेगळे दिवस आहेत. वहीत ते सारखे दिसता कामा नयेत.”

तेव्हा मला त्यातलं फारसं कळलं नाही. पण वही मात्र मी चालू ठेवली.

मग एक दिवस सरांनी आम्हांला एक गणित घातलं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी किती होतं? बरोबर एक लिटर! आमच्या शाळेचं छप्पर वीस मीटर लांब आणि सहा मीटर रुंद, म्हणजे एकशे वीस चौरस मीटर. त्यावर दहा मिलिमीटरचा एक पाऊस झाला, तर बाराशे लिटर पाणी. आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. शाळेला पिण्यासाठी पाणी टँकरनं यायचं आणि छपरावरचं बाराशे लिटर पाणी पन्हाळीतून रस्त्यावर आणि रस्त्यावरून ओढ्यात! त्या दिवाळीच्या सुट्टीत पालकांनी पन्हाळीखाली एक टाकी बसवली. पण ते पुढचं झालं. आधी मला माझी चूक सांगायची आहे.

सप्टेंबरमध्ये गौरी-गणपतीला मी दोन दिवस आजोळी गेले. जाताना नोंदीचं काम कुणाला सांगून जायला हवं होतं. मी विसरले. परत आले तर विटा सरकलेल्या, बाटली आडवी पडलेली. शेळीच्या लेंड्या बाजूलाच होत्या, त्यामुळं गुन्हेगार कोण हे शोधावं लागलं नाही. पण पाणी गेलं होतं. किती पाऊस पडून गेला, ते सांगणारं आता काहीच नव्हतं.

शेजारच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, “अगं, काल लई झाला. दोन तास नुसता कोसळत हुता!” दुकानदार म्हणाला, “असा पाऊस औंदा पहिलाच.” मी वही उघडली. दोन रकाने कोरे होते. सर बघतील, म्हणतील, एवढीसुद्धा जबाबदारी नाही? मी पेन घेतलं आणि एका रकान्यात शून्य आणि दुसऱ्यात अडतीस मिलिमीटर लिहून टाकलं. अडतीसच का? चाळीस लिहिलं असतं तर खोटं वाटलं असतं, म्हणून! बघा, खोटं खरं वाटावं यासाठी आपण किती काळजी घेतो!

कुणालाही कळलं नाही. सरांनी तर वही वर्गात सगळ्यांना दाखवली.

२ ऑक्टोबरला गावात ग्रामसभा होती. सरांनी सरपंचताईंना आमच्या वहीबद्दल सांगितलं होतं. अहमदनगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे गाव तुम्हांला ऐकून माहीत असेल. पोपटराव पवार सरपंच झाले आणि त्या दुष्काळी गावानं कात टाकली. तिथं डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, झाडं लावली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त आवडते. ते पाऊस मोजतात. पावसाळा संपला, की गावात बसून पाण्याचा ताळेबंद मांडतात. जमा किती, खर्च किती. मग कुठली पिकं घ्यायची, ते त्यावरून ठरवतात. दुकानदार गल्ल्यातले पैसे मोजूनच माल भरतो ना, तसंच! आपल्या गावानंही एकदा असा हिशेब करून बघावा, असं सरांचं म्हणणं होतं.

सभा मारुतीच्या देवळासमोर भरली. प्रश्न सरळ होता. रब्बीला विहिरींवर कांदा करायचा का? कांद्याला दर आठ-दहा दिवसांनी पाणी लागतं. ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते आणि हरभरा एक-दोन पाण्यांवर निघतो. पण पैसा कांद्यात. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, तर कांद्याचं रोप टाकलंही होतं.

मला वही वाचायला उभं केलं. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे महिन्यांचे आकडे मी वाचले आणि शेवटी एकूण सांगितलं, दोनशे शेहेचाळीस मिलिमीटर.

“म्हंजे अडीचशेच्या घरात झाला की!” कुणीतरी म्हणालं. “वाटला त्यापेक्षा बरा हाय. मग कांदा व्हईल.” माना डोलायला लागल्या. आण्णांच्या चेहऱ्यावर मला हसू दिसलं. आपली पोर चारचौघांत उभी राहून वाचते आहे आणि आकडाही आपल्या बाजूचा!

तेवढ्यात सरांनी फळ्यावर हिशेब सुरू केला. “एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. एक टँकर समजा. आपलं शिवार सहाशे हेक्टरचं. म्हणजे एका मिलिमीटरला सहाशे टँकर.”

माझ्या डोक्यात गुणाकार आपोआप झाला. अडतीस गुणिले सहाशे. बावीस हजार आठशे. एका खोट्या नोंदीनं मी गावाच्या जमेत बावीस हजार आठशे टँकर पाणी भरलं होतं. जे कदाचित पडलंच नव्हतं!

आणि खरं सांगू? मला त्या वेळी आईची टँकरची रांग आठवली. माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून लोक विहिरी उपसतील आणि मार्चमध्ये त्याच विहिरींत डोकावून बघतील. तेव्हा वही कुठं असेल? माझ्या दप्तरात.

मी म्हणाले, “सर, एक नोंद खोटी आहे.”

आवाज इतका बारीक निघाला, की मला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं. शेळीनं बाटली पाडली, मी नव्हते, मी विचारून अंदाजानं लिहिलं, अडतीस. सगळं सांगितलं. सभेत कुणीतरी हसलं. “पोरांच्या खेळावर गावाचा कारभार चालवायचा व्हय?” असंही कुणी म्हणालं. आण्णा उठून निघून गेले. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं!

सरांनी रागावून बघितलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, “कोणता दिवस?” मी सांगितला. तेव्हा ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची एक म्हातारी आजी बोलली, “त्या दिवशी? आमच्याकडं कुठं पडला? आमची वाळवणं बाहीरच हुती की!”

मग एकच गलका झाला. अलीकडे पडला, पलीकडे नाही. देवळापाशी पडला, माळावर नाही. एका गावात दोन पाऊस!

तुम्हांला हे खरं वाटत नाही? मग मुंबईची गोष्ट ऐका. २६ जुलै २००५ चा पाऊस तुमच्या आईबाबांना नक्की आठवत असेल. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली. पण त्याच शहरात, तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर कुलाब्याला शंभर मिलिमीटरही पडला नव्हता! जिल्ह्याच्या ठिकाणचा किंवा तालुक्याचा आकडा म्हणूनच आपल्या गावाला पुरत नाही. आपला पाऊस आपणच मोजावा लागतो.

आणि आता तर तो जास्तच मोजावा लागणार आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून माणसानं हवा तापवली आहे. हवा एक अंश सेल्सिअसनं तापली, की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. मग ते एकदम कोसळतं आणि मधले दिवस कोरडे जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. हे त्यांना कसं कळलं असेल? कुणीतरी, कुठंतरी, इतकी वर्षं रोज सकाळी पाऊस मोजून वहीत लिहिला म्हणून! त्या माणसांनी शेळीनं पाडलेल्या बाटलीच्या जागी अडतीस लिहिलं असतं, तर?

असो. सभेचं पुढं काय झालं? सरपंचताई म्हणाल्या, “पोरीनं खरं सांगितलं, ते बरं झालं. आता पाऊस राहू द्या, पाणीच मोजू.” दुसऱ्या दिवशी आम्ही मुलं आणि काही मोठी माणसं दोर आणि दगड घेऊन विहिरी मोजत फिरलो. चौदा विहिरी मोजल्या. बहुतेकींत निम्म्याहून कमी पाणी होतं. माझ्या वहीतला खोटा आकडा वगळला, तर पाऊस होता दोनशे आठ. विहिरींचं म्हणणं त्या आकड्याशी जुळत होतं.

पुन्हा बैठक झाली. कांदा कुणी अर्ध्या एकरावर करायचा नाही आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळ नवं बोअर पाडायचं नाही, असं ठरलं. सगळ्यांनी ऐकलं का? नाही. तिघाचौघांनी कांदा केलाच. पण पुष्कळांनी ऐकलं. आण्णांनी अर्ध्या एकरापुरतं रोप ठेवलं आणि उरलेलं शेळ्यांना घातलं. त्या शेळ्यांत ती बाटली पाडणारीही होती! आण्णा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी साडेआठला मी बाटलीपाशी गेले, तर ते आधीच तिथं बसले होते. विटा काढून त्यांनी भोवती बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं होतं. “आता बघू कशी येती शेळी,” एवढंच म्हणाले.

२०१६ च्या उन्हाळ्यात टँकर आला का? आला. तो उन्हाळा वाईटच होता. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तो हाच उन्हाळा. पण आधीच्या दुष्काळात आमच्याकडे होळीलाच टँकर आला होता, तो या वेळी अक्षय्य तृतीयेनंतर आला. दीड महिना! तो माझ्या वहीमुळं वाचला, असं मी म्हणणार नाही. तो ज्यांनी कांदा केला नाही, त्यांच्यामुळं वाचला. पण ज्यांना नुकसान सोसायचं होतं, त्यांना निदान खरा आकडा हातात मिळाला होता.

मित्रमैत्रिणींनो, पर्यावरणासाठी काय करू, असं तुम्ही विचारता. फलक रंगवा, घोषणा द्या, झाडं लावा, जरूर लावा. पण त्याआधी आपल्या गावाची, आपल्या गल्लीची एखादी गोष्ट नीट मोजायला लागा. पाऊस मोजा. आडाचं पाणी दर महिन्याला मोजा. शहरात राहत असाल, तर आपल्या इमारतीच्या गच्चीची लांबी-रुंदी काढा, पावसाच्या आकड्यानं गुणा आणि किती लिटर पाणी गटारात गेलं, ते सोसायटीच्या बैठकीत वाचून दाखवा. बघा कसे सगळे कान टवकारतात! नोंद राहिली, तर तिथं ‘नोंद नाही’ असं लिहा. त्यात लाज नाही. आणि आईबाबांनो, मुलांचा आकडा तुमच्या सोयीचा नसला, तरी एकदा शेवटपर्यंत ऐकून घ्या.

ती वही शाळेत अजून आहे. आता मुलांची सहावी वही चालू आहे. पहिल्या वहीत सप्टेंबरच्या पानावर अडतीसभोवती लाल गोल आहे आणि बाजूला माझ्याच अक्षरात लिहिलंय : ‘अंदाज. धरू नये.’ सरांनी ते पान फाडू दिलं नाही.

मी आता पुण्यात नोकरी करते. इथल्या गच्चीतही माझी बाटली आहे. पावसाळा सुरू झाला, की सकाळी नऊच्या सुमाराला आण्णांचा फोन येतो. कशी आहेस, जेवलीस का, हे नंतर. आधी विचारतात, “हिकडं बारा झाला. तिकडं किती?”

आणि एखाद्या दिवशी मी मोजायचं विसरले असले, तर मी तसंच सांगते.